झिजलेल्या बुटांचे पुढे काय होते?

पावसाळा सरला आणि वाटा वाळल्या, की तालुक्याच्या गावाबाहेरील सडकेवर पहाटेच्या अंधारात धावणाऱ्या मुलामुलींचे जथे दिसू लागतात. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर अंतर धावावे लागते आणि त्याची तयारी महिनोन्‌महिने चाललेली असते. एके काळी ही तयारी अनवाणी किंवा फार तर कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांवर होत असे. आता बहुतेकांच्या पायांत जाळीदार कापडाचे, जाड व मऊ तळाचे, खास धावण्यासाठी बनविलेले बूट असतात. शहरांतही २००४ साली मुंबईत मॅरेथॉन सुरू झाल्यापासून हौशी धावपटूंची संख्या वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर या बुटांचीही.

हे बूट फार काळ टिकत नाहीत. साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटर धाव झाली, की त्यांच्या तळातील फेस दबून जातो व पायाला बसणारा धक्का पूर्वीसारखा शोषला जात नाही. म्हणून धावपटूने बूट बदलावा, असा सल्ला दिला जातो. रोज आठ किलोमीटर धावणाऱ्याच्या बाबतीत ही मर्यादा दोन ते साडेतीन महिन्यांतच गाठली जाते. जुना जोड मग माळ्यावर जातो, तेथून घंटागाडीत आणि शेवटी गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर. ज्या गावी घंटागाडी नाही तेथे तो उकिरड्यावर पडतो किंवा पालापाचोळ्याबरोबर पेटवला जातो. प्लॅस्टिकचा अंश असलेले असे बूट उघड्यावर जळताना निघणारा धूर किती घातक असतो, हे वेगळे सांगावयास नको.

या जुन्या बुटांचा पुनर्वापर करावा, त्यासाठी शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पेटी ठेवावी, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. सूचना चांगली आहे. मात्र पेटीत टाकलेल्या बुटाचे पुढे नेमके काय होते, हे कळल्याविना ती अमलात आणणे धोक्याचे ठरते. ‘पुनर्वापर’ या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न अशी तीन-चार कामे मोडतात आणि त्यांचे मोल सारखे नाही.

एका बुटात काय काय असते

धावण्याचा बूट दिसावयास साधा असला, तरी ती अनेक वस्तूंची जुळणी आहे. वरचा भाग पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या जाळीचा असतो. त्यावर कृत्रिम चामड्याच्या पट्ट्या शिवलेल्या किंवा चिकटविलेल्या असतात. टाचेभोवती कडक प्लॅस्टिकची वाटी, जिभेत स्पंज, नाडीसाठी कड्या. जमिनीला टेकणारा खालचा थर रबराचा. या दोहोंच्या मध्ये जो हलका, जाड थर असतो तो फेसाचा. एथिलीन व व्हायनिल ॲसिटेट यांच्या संयोगातून बनलेला हा पदार्थ ‘ई.व्ही.ए.’ या अक्षरांनी ओळखला जातो. काही बुटांत त्याऐवजी पॉलियुरेथेन असते. हे सारे थर एकमेकांना घट्ट चिकटून राहावेत म्हणून वापरलेला गोंद इतका पक्का असतो, की ओढून सुटत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या बुटाच्या एका जोडाचा जन्मापासून अखेरपर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. त्या जोडात ६५ सुटे भाग होते व ते बनवून जोडण्यासाठी ३६० प्रक्रिया कराव्या लागत होत्या. एका जोडामागे सुमारे १४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे त्यांना आढळले. शंभर वॉटचा दिवा आठवडाभर अहोरात्र जळत ठेवावा, तेवढा हा भार आहे. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक वाटा कच्च्या मालाचा नव्हता. तो होता कारखान्यात लहानलहान भाग साच्यात घालणे, तापविणे, कापणे, शिवणे व चिकटविणे या कामांचा.

या निष्कर्षावर थोडे थांबावयास हवे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. बूट दळून त्याचा भुगा केला, तर आपल्या हाती कच्चा माल परत येतो, तोही हलक्या प्रतीचा. ज्यावर सर्वाधिक ऊर्जा खर्च झाली ती घडण मात्र नष्ट होते. याउलट बूट दुरुस्त करून वर्षभर अधिक वापरला, किंवा त्याचा तळ तसाच ठेवून त्याची चप्पल केली, तर घडणीचा काही भाग तरी वाचतो. धातूची कढई मोडीत घालणे आणि तिला कल्हई करून घेणे यांत जो फरक आहे, तसाच हा फरक आहे.

वितळवून नवा बूट का होत नाही

प्लॅस्टिकची बादली फुटली तर ती वितळवून दुसरी वस्तू करता येते. मग बुटाचा तळ का वितळवता येऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर त्या पदार्थांच्या रचनेत आहे. रबर टिकाऊ व्हावे म्हणून ते गंधकाबरोबर तापविले जाते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली ही युक्ती साधली आणि १८४४ साली त्याने तिचे पेटंट घेतले. या क्रियेत रबराचे लांब रेणू एकमेकांशी आडव्या दुव्यांनी बांधले जातात. एकदा हे बंध पडले, की उष्णता दिली तरी रबर वितळत नाही, करपते. तळातील ई.व्ही.ए. फेसही अशाच आडव्या बंधांनी पक्का केलेला असतो. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही; तिचा चुरा तेवढा होतो. बुटाच्या तळाचेही तसेच आहे.

वरचे पॉलिएस्टर कापड तत्त्वतः वितळू शकते. पण त्याला नायलॉन, स्पंज, कृत्रिम चामडे व गोंद इतके चिकटलेले असतात, की ते वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा अधिक होतो.

म्हणून बड्या कंपन्यांनी चुऱ्याचाच मार्ग धरला. नायकी या अमेरिकन कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी जुने क्रीडा-बूट परत घेण्याची योजना सुरू केली. या पद्धतीत बुटाचे रबर, फेस व कापड असे तीन भाग करून प्रत्येकाचा स्वतंत्र भुगा केला जातो. रबराचा भुगा धावपट्ट्यांत व मैदानांच्या पृष्ठभागांत, फेसाचा बास्केटबॉल-टेनिसच्या मैदानांत आणि कापडाचा पिंजलेला लगदा बंदिस्त क्रीडागृहाच्या लाकडी जमिनीखालील गादीत वापरला जातो. धातूचे खिळे असलेले बूट मात्र घेतले जात नाहीत, कारण एक खिळाही दळणयंत्राचे पाते मोडावयास पुरेसा असतो.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात संशोधकांनी याहून निराळी रीत अभ्यासली. तेथे अख्खा बूट प्रथम बारीक केला जातो व मग वाऱ्याच्या झोताने भुग्याचे घटक वेगळे केले जातात. जड रबर जवळ पडते, हलका फेस दूर जातो, कापडाचे तंतू त्याहूनही दूर. आपल्याकडे खळ्यावर उफणणी होते तीच ही क्रिया, केवळ यंत्राच्या साहाय्याने केलेली. ही रीत चांगली असली तरी तिच्यासाठी यंत्रसामग्री व एकाच ठिकाणी जमा होणारा मोठा माल लागतो. एखाद्या तालुक्यातून वर्षाकाठी गोळा होणाऱ्या चार-दोन पोत्यांवर असा कारखाना उभा राहू शकत नाही.

भुग्याच्या उपयोगालाही आता मर्यादा पडू लागल्या आहेत. कृत्रिम हिरवळीच्या मैदानांत मोकळे रबरकण पसरण्याची पद्धत युरोपात रूढ होती. हे कण पावसाच्या पाण्याबरोबर वाहून नदीनाल्यांत जातात, म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार आठ वर्षांच्या मुदतीनंतर, म्हणजे २०३१ पासून, अशा कणांच्या विक्रीस बंदी होणार आहे. चिकटद्रव्यात बांधून बसविलेल्या धावपट्टीची गोष्ट वेगळी. पण मोकळा चुरा मैदानात पसरावा, अशी कल्पना कोणी मांडल्यास ती नाकारणेच इष्ट.

मुळात बूटच असा बनवावा की तो सहज वितळेल, या दिशेनेही प्रयत्न झाले आहेत. आदिदास कंपनीने २०१९ साली एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकचा, गोंद न वापरता जोडलेला बूट सादर केला. ऑन या स्विस कंपनीने एरंडीच्या बियांपासून मिळविलेल्या पदार्थाचा बूट काढला व तो विकण्याऐवजी मासिक वर्गणीवर देऊ केला, म्हणजे झिजला की कंपनीकडे परत यावा. एरंडीचे जगात सर्वाधिक उत्पादन भारतात, त्यातही गुजरातेत होते, ही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. असे बूट अद्याप आपल्या खेड्यांतील मुलांच्या पायांत आलेले नाहीत. आपल्यापुढचा प्रश्न आज माळ्यावर पडलेल्या जोडांचा आहे.

सिंगापूरचा धडा

जोड गोळा करण्याच्या मोहिमा कशा फसू शकतात, याचे एक उदाहरण गाजले. सिंगापूर येथे २०२१ साली डाऊ ही रसायन कंपनी व तेथील शासनाची क्रीडासंस्था यांनी मिळून एक योजना आखली. नागरिकांनी जुने क्रीडा-बूट पेट्यांत टाकावेत, त्यांचा भुगा करून त्यापासून मैदाने व धावपट्ट्या बांधाव्यात, अशी ती योजना होती. पेट्या शहरभर ठेवल्या गेल्या व लोकांनी उत्साहाने बूट दिले.

रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी २०२२ साली ११ जोडांच्या तळांत ठावठिकाणा कळविणारी लहान यंत्रे दडविली आणि ते जोड या पेट्यांत टाकले. पुढे जे दिसले ते २०२३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले. एकाही जोडाची धावपट्टी झाली नव्हती. ११ पैकी १० जोड समुद्र ओलांडून इंडोनेशियात पोहोचले होते. काही तर बाताम व जाकार्ता येथील जुन्या बाजारात विक्रीला मांडलेले सापडले. वापरलेले कपडे व पादत्राणे आयात करण्यास इंडोनेशियाने २०१५ सालीच बंदी घातली होती. पेट्यांतील माल जुन्या वस्तूंची निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या हाती जात होता, असे निष्पन्न झाले. पुढे त्या व्यापाऱ्यास योजनेतून वगळण्यात आले.

कोणी म्हणेल, बूट कोणाच्या तरी पायांत गेले, यात वाईट काय झाले? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. भुगा होण्यापेक्षा दुसऱ्याने वापरणे हे केव्हाही अधिक चांगले, हे वर सांगितलेच आहे. पण देणाऱ्यास एक सांगावयाचे व करावयाचे दुसरे, यामुळे पुढच्या खेपेस लोक कोणत्याच पेटीवर विश्वास ठेवीत नाहीत. शिवाय विकले न जाणारे जोड अखेर त्या दुसऱ्या देशातील कचऱ्याच्या ढिगावर जातात. आपला कचरा गेला एवढेच समाधान. तो संपलेला नसतो.

असाच अनुभव, अर्थात लहान प्रमाणावर, प्रस्तुत लेखकाच्याही पदरी आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शाळेने जुनी पादत्राणे गोळा करण्याची मोहीम काढली. सर्वाधिक जोड आणणाऱ्या वर्गास ढाल ठेवली होती. ढालीच्या ओढीने मुलांनी वडिलांचे वापरातले बूटही आणले. पंधरवड्यात एक खोली भरली. समारंभ झाला, छायाचित्रे निघाली, आणि त्याची बातमी मीच लिहून पाठविली. हे जोड पुढे कोण नेणार, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही. जून लागला तेव्हा खोली वर्गासाठी हवी झाली व ढीग व्हरांड्यात आला. श्रावणापर्यंत त्याला बुरशी चढली, उंदीर झाले. काही बुटांचे तळ हात लावताच भुगा होऊन पडू लागले. शेवटी ट्रॅक्टर आला आणि सारे गावाबाहेर नेऊन टाकले. त्याची बातमी मात्र झाली नाही.

तळांचा भुगा का झाला, हे मला पुढे कळले. पॉलियुरेथेनच्या फेसावर हवेतील दमटपणाची रासायनिक क्रिया होते व त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. बूट न वापरता नुसता ठेवला तरी हे घडते. कोकणासारख्या दमट हवेत अधिक लवकर. ई.व्ही.ए. फेसाला हा दोष नसतो. तळ अंगठ्याने दाबून पाहावा. चिरा पडल्या किंवा कण सुटले, तर तो जोड दुरुस्तीस वा चपलेस निरुपयोगी समजावा.

बुटाची चप्पल

महाराष्ट्रातच या प्रश्नावर एक वेगळा मार्ग शोधला गेला आहे. श्रीयांस भंडारी व रमेश धामी या दोन तरुण धावपटूंची मुंबईत धावण्याच्या सरावात ओळख झाली. वर्षाकाठी आपले कित्येक जोड वाया जातात, वरचा भाग फाटला तरी तळ शाबूत असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. २०१३ च्या सुमारास त्यांनी ‘ग्रीनसोल’ हा उपक्रम सुरू केला. जुन्या क्रीडा-बुटाचा वरचा भाग कापून काढावयाचा, तळ स्वच्छ करून योग्य मापाचा कापावयाचा व त्यावर नवा पट्टा आणि आतला थर बसवून चप्पल तयार करावयाची, अशी ही रीत आहे. तयार झालेल्या चपला ग्रामीण भागांतील गरजू शाळकरी मुलांना दिल्या जातात. खर्चाचा भार मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून उचलला जातो.

या रीतीचे मर्म असे, की धावपटूच्या दृष्टीने निकामी झालेला तळ चालणाऱ्याच्या दृष्टीने निकामी नसतो. ५०० किलोमीटरनंतर जो फेस धावताना पुरेसा उसळत नाही, तो शेताच्या बांधावरून चालणाऱ्या मुलाच्या पायाला काट्याखड्यांपासून खुशाल वाचवतो. यंत्र लागते ते कापण्या-शिवण्यापुरते. मोठ्या माणसाच्या तळातून लहान मुलाची चप्पल निघते. उलट होत नाही. त्यामुळे गोळा करताना मोठ्या मापांचे जोड अधिक मोलाचे.

मुलांच्या पायांत काही असणे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर, विष्ठेने दूषित झालेल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. आतड्यात राहून त्या रक्त शोषतात व रक्तक्षय होतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत शाळांतून गोळ्या दिल्या जातात, पण मूल पुन्हा अनवाणी फिरले की लागण पुन्हा होऊ शकते. राज्य शासनाने २०२३ साली शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना बूट व पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. तथापि शाळेचे बूट बहुधा शाळेपुरते जपून ठेवले जातात. गुरांमागे जाताना, पाणवठ्यावर, परसाकडे जाताना पाय उघडेच असतात, हे खेड्यात काम केलेल्या कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुना बूट तसाच उचलून गरीब मुलास देणे आणि त्याच्या मापाची चप्पल करून देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. वापरलेला बूट पहिल्या मालकाच्या पायाचा आकार घेतो. टाच एका बाजूस झिजलेली असते, ती दुसऱ्याच्या चालीस बाधते. आत घाम मुरलेला असतो व त्यातून पायाचे बुरशीजन्य विकार पसरू शकतात. शिवाय वर्गात सर्वांसमक्ष फाटका बूट स्वीकारताना मुलाला काय वाटत असेल, याचाही विचार व्हावा. देणे हे ज्याला दिले त्याच्या अंगावर शोभले पाहिजे.

गटई कामगाराचे स्थान

इतक्या दूरवर जाऊन आल्यावर प्रत्येक बाजारपेठेच्या गावी, एस.टी. स्थानकाच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या गटई कामगाराकडे वळावयास हवे. आरी, रापी, हातोडी, लोखंडी ऐरण व दोऱ्याचे रीळ एवढ्या सामग्रीवर तो जे करतो ते पुनर्वापराच्या सर्व प्रकारांत सर्वांत वरच्या पायरीचे काम आहे. चिकटविलेल्या तळाच्या कडेने दोऱ्याचे टाके मारून घेतले, तर सुटू लागलेला बूट आणखी कित्येक महिने चालतो. भोक पडलेल्या जाळीला आतून ठिगळ लावता येते. घासून गुळगुळीत झालेल्या टाचेवर रबराचा तुकडा बसविता येतो.

आपल्याकडील जुनी पादत्राणे दुरुस्तीचा विचार करूनच बनविलेली असत. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल घ्या. चामड्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असल्याने झिजलेला थर उसवून नवा लावता येतो. धावण्याच्या बुटात ही सोय ठेवलेली नाही. तो टाकून देण्यासाठीच जणू घडविला आहे. त्यामुळे गटई कामगारासही नवे कसब शिकावे लागत आहे. कोणता गोंद कोणत्या फेसाला धरतो, तळ किती तापविला म्हणजे न करपता सुटतो, हे ज्ञान त्याने अनुभवाने मिळविले आहे. ते कोणत्याही पुस्तकात नाही.

राज्य शासनाच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाची स्थापना १९७४ साली झाली. समाजकल्याण खात्यामार्फत गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची योजनाही राबविली गेली आहे. जुन्या बुटांच्या मोहिमेचा विचार करताना ग्रामपंचायतीने प्रथम गावातील व बाजारच्या गावातील अशा कारागिरांशी बोलावे. किती जोड दुरुस्त होतील, दर जोडास काय मजुरी पडेल, तळ कापून चप्पल करण्याचे काम तो घेईल काय, हे त्यालाच विचारावे. मजुरी रोख द्यावी. मोहीम समाजसेवेची म्हणून कारागिराने फुकट काम करावे, ही अपेक्षा योग्य नव्हे. त्याचे पोट त्याच कामावर आहे.

मोहीम काढावयाची असल्यास

पहिले काम पेटी ठेवण्याचे नव्हेच. जोड कोण घेणार, किती घेणार, कोणत्या तारखेस नेणार, हे लेखी ठरल्यानंतर पेटी ठेवावी. नेणारी संस्था असेल तर तिच्याकडून पोच घ्यावी व काही महिन्यांनी तयार मालाचा हिशेब मागावा. सिंगापूरमध्ये पत्रकारांना जे यंत्रे दडवून शोधावे लागले, ते आपल्याला एका नोंदवहीत साधते.

मोहिमेचा काळ दिवाळीनंतरचा व उन्हाळ्यापूर्वीचा असावा. हवा कोरडी असते, बूट वाळतात, आणि पावसाच्या आत माल हलविता येतो. दोन्ही बूट नाडीने एकमेकांस बांधूनच घ्यावेत. सुटा बूट ढिगात गेला की त्याचा जोडीदार सापडत नाही. चिखल झाडून, आतला सुटा थर काढून, एक दिवस कडक उन्हात ठेवून आणावेत. खिळ्यांचे बूट वेगळे ठेवावेत. बक्षिसाची ढाल ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

चपला ज्या मुलांसाठी करावयाच्या त्यांच्या पायांची मापे आधी घ्यावीत. वर्तमानपत्राच्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढली व पुढे बोटभर जागा सोडली की पुरे. हे काम वर्गशिक्षिका एका तासात करू शकतात. कागदांवर नावाऐवजी हजेरीचा क्रमांक लिहावा.

चपला झाल्यावर वरचा भाग उरतो: जाळी, स्पंज, कड्या, नाड्या. नाड्या शाबूत असतील तर काढून घ्याव्यात. मुलांना त्या हव्याच असतात. बाकीचा भाग सुक्या कचऱ्यात जातो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे ठरविले, की ज्या कचऱ्याचा पुन्हा उपयोग होत नाही पण ज्यात किलोमागे १,५०० किलोकॅलरी वा त्याहून अधिक उष्णता आहे, तो जमिनीत न पुरता सिमेंटच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी इंधन म्हणून द्यावा. या भट्टीत माल सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि एवढ्या उष्णतेत उघड्यावर जळताना सुटणारे विषारी वायू बऱ्याच अंशी नष्ट होतात. चंद्रपूर जिल्ह्यात अशा भट्ट्या आहेत. गावपातळीवरून तेथवर माल धाडणे शक्य नसते, पण नगरपरिषदेचे किंवा तालुक्याचे सुक्या कचऱ्याचे केंद्र इतर प्लॅस्टिकबरोबर तो पुढे पाठवू शकते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या १९९३ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या सभासद कचरावेचक भगिनी अशा मालाची वर्गवारी वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. कोणता तुकडा कोणी घेतो व कोणता कोणीच घेत नाही, याची त्यांच्याइतकी अचूक माहिती क्वचितच कोणाजवळ असेल. भिजलेला कापडी भाग मात्र त्याही घेत नाहीत, कारण वजन वाढते, भाव मिळत नाही आणि बाकीचा सुका माल नासतो. तेव्हा चपला शिवून झाल्या त्याच दिवशी उरलेले कापड गोणीत भरून, तोंड बांधून छपराखाली ठेवावे आणि केंद्राच्या गाडीचा वार आधीच विचारून ठेवावा.